मेंदूतले लोह कसे दिसते?

टेबलावर होकायंत्र ठेवा आणि रुमालात गुंडाळलेला लोखंडी खिळा त्याच्याजवळ न्या. खिळा दिसत नाही, पण सुई सरकते. जिवंत माणसाच्या मेंदूतले लोह शोधण्याची युक्ती थोडीफार अशीच आहे.

मेंदूत लोह असते हे १९५८ साली हालग्रेन आणि सूरांडर या स्वीडिश संशोधकांनी मोजून दाखवले, पण ते मृतांच्या मेंदूंत. गाभ्यातल्या ग्लोबस पॅलिडस या भागात त्यांना दर १०० ग्रॅममागे सुमारे २१ मिलिग्रॅम लोह आढळले. हे लोह मुख्यतः फेरिटिन या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यांत साठवलेले असते. ते सुटे झाले आणि हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली, की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक वाटेत येईल त्या रेणूची मोडतोड करतो. म्हणून पेशी ग्लुटाथायोन हा अँटिऑक्सिडंट बाळगतात. एका विकराच्या मदतीने तो पेरॉक्साइडचे आधीच पाणी करून टाकतो.

आता यंत्राकडे वळू. एमआरआयच्या ३ टेस्ला क्षेत्रात पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके भोवऱ्यासारखी डुलतात, सेकंदाला सुमारे १२ कोटी ७७ लाख वेळा! रेडिओ लहरींनी त्यांची लय जुळवली की एकत्रित संदेश मिळतो. लोहाशेजारी क्षेत्र किंचित बदलते, लय लवकर बिघडते आणि चित्रात तो भाग काळसर उमटतो. म्हणजे यंत्र लोह पाहतच नाही. पाहते ती शेजारच्या पाण्याची बिघडलेली लय. (परीक्षेत हे विचारले तर निम्मा वर्ग चुकतो.)

ग्लुटाथायोनचे मापन अधिक किचकट. त्याच्या हायड्रोजनची वारंवारता पाण्याहून किंचित वेगळी असते, त्यावरून तो ओळखायचा. पण त्याचे प्रमाण पाण्याच्या हजारो पटींनी कमी, आणि त्यात क्रिएटिनचा मोठा संदेश त्याला झाकतो. संदेश कित्येक मिनिटे साठवावे लागतात.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांत सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातले लोह वाढलेले दिसते. मग ते काढून टाकले तर? लेव्होडोपा हे नेहमीचे औषध सुरू न केलेल्या ३७२ रुग्णांवर असा प्रयोग झाला. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना ३६ आठवडे डेफेरिप्रोन हे लोह बांधून ठेवणारे औषध दिले, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. एमआरआयमध्ये लोह खरोखर घटले. लक्षणे मात्र औषध घेणाऱ्यांचीच अधिक बिघडली! डोपामीन तयार करणाऱ्या विकरालाही लोह लागते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.