शिळ्या अंकांचे वाचक

रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याजवळ मिरकरवाडा हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. होड्या धक्क्याला लागल्या, की बांगडा, सुरमई, कोळंबी यांचे ढीग पडतात आणि लिलावाच्या आरोळ्यांनी धक्का गजबजून जातो. अशा ठिकाणी शिळ्या वर्तमानपत्राला मान तो एवढाच, की त्यात सुकट बांधता येते. सुकट डब्यात जाते, कागद केरात जातो. त्या कागदावर सोन्याचा भाव, गाडीची वेळ, कोणाची तक्रार, कोणाची जाहिरात असे काय काय छापलेले असते! शंभर वर्षांनी तोच कागद कोणाच्या हाती लागला, तर त्या दिवशीचे लोक कसे जगत होते, हे तो सांगू शकेल.

अशा कागदांची किंमत ओळखणारे एक संपादक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव अरुण टिकेकर. त्यांचा जन्म १९४४ साली झाला. १९९१ ते २००२ या काळात ते 'लोकसत्ता' या दैनिकाचे संपादक होते. संपादकाला नेहमी उद्याच्या अंकाची घाई. टिकेकरांचे मन मात्र एकोणिसाव्या शतकातील जुन्या कागदपत्रांतही रमत असे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ते पुढे अध्यक्षही झाले.

राजांचा व लढायांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या काळचे लोक काय वाचीत, कशावरून वाद घालीत, नव्या शिक्षणाने त्यांची मने कशी पालटली, याचा शोध टिकेकरांना घ्यावयाचा होता. त्यांच्या एका ग्रंथाचे नावच 'जन-मन' असे आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची हकिकत त्यांनी 'ऐसा ज्ञानसागरू' या ग्रंथात सांगितली आणि तिला 'बखर' म्हटले. बखर म्हणजे गोष्टीच्या ओघात सांगितलेला इतिहास. मात्र छापले ते सारेच खरे, असे मानून ही बखर लिहिता येत नाही. एका पत्राने ज्याला सुधारक म्हणून गौरवावे, त्यालाच दुसऱ्याने धर्मबुडवा म्हणावे, असा तो काळ! म्हणून दोन्ही पत्रे शोधावी लागतात. १९ जानेवारी २०१६ रोजी टिकेकरांचे निधन झाले.

ही शोधाशोध दिवसेंदिवस कठीण होत आहे. कोकणातल्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र काढले. त्या वेळी कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे, तो टिकाऊ. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. तो लवकर पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडी उलगडताच त्याचे तुकडे पडतात. त्यामुळे कित्येकदा आजोबांच्या वेळचा अंक त्यांच्या पणजोबांच्या वेळच्या अंकाआधी नाहीसा होतो. मिरकरवाड्याच्या खाऱ्या, दमट वाऱ्यात तर त्याला फार वर्षे लागत नाहीत.