कंबरदुखी, व्यायाम आणि आरसा

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्याच्या परिसरात वर्षाचा मोठा काळ वाकून करावयाच्या कामांत जातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी, पावसाळ्यात बांधीच्या चिखलात धानाची रोवणी आणि पुढे कापणी. यांतील बरीचशी कामे स्त्रिया करतात. कंबर दुखणे हा कामाचाच भाग समजून दुखणे अंगावर काढले जाते. वस्तुतः ही उपेक्षणीय व्याधी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार 2020 मध्ये जगातील सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती.

पाठीच्या कण्याला लागून मल्टिफिडस नावाचे खोलवरचे स्नायू असतात. ते मणक्यांना स्थैर्य देतात. पहिल्यांदा उद्भवलेली कंबरदुखी थांबली तरी हे स्नायू आपोआप पूर्ववत होत नाहीत, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना 1996 मध्ये आढळून आले. म्हणून वेदना शमल्यावरही व्यायाम आवश्यक ठरतो.

परंतु येथे एक अडचण आहे. हातापायांची हालचाल डोळ्यांना दिसते. स्वतःची पाठ मात्र दिसत नाही. त्यामुळे व्यायाम चुकला तरी ते लक्षात येत नाही. या अडचणीवर दृश्य प्रत्याभरण, म्हणजे आपली हालचाल डोळ्यांनी पाहून ती सुधारणे, हा उपाय होय. सुसज्ज रुग्णालयांत सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूचे आकुंचन रुग्णास दाखविता येते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, आरशांच्या साहाय्याने स्वतःची पाठ पाहत हालचाल केल्यास रुग्णांना वेदना कमी जाणवल्याचे दिसून आले.

गावात यंत्र नसले तरी तत्त्व उपयोगी पडते. पाठीवर सरळ काठी उभी धरावी. डोक्याची मागील बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवून, गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून पुढे झुकावे. काठी सुटली की कंबर गोल झाली असे समजावे. घरातील कोणी बाजूने पाहून सांगावे, अथवा मोबाईलवर चित्रण करून नंतर पाहावे. सुरुवातीस भौतिकोपचारतज्ज्ञाकडून पद्धत शिकून घेणे श्रेयस्कर.

कोणताही एकच व्यायाम सर्वांना सर्वश्रेष्ठ ठरत नाही, नियमितपणा महत्त्वाचा. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे हितावह नाही. मात्र पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. ताप, विनाकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असल्यासही आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

रोवणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचे काही आठवडे या अभ्यासासाठी दिले, तर चिखलात उभे राहण्यापूर्वी कंबर त्या श्रमासाठी तयार होऊ लागेल.