एवढा मासा धरून सोडायचा कशाला?

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला असतो. गेल्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. शनिवार उजाडायच्या आत हा पठ्ठ्या गाडीत काठ्या भरून तळ्यावर पळतो. गळाला रबराची गांडुळं लावतो. दोन-दोन किलोचा बास नावाचा मासा काढतो, फोटो घेतो आणि पुन्हा पाण्यात सोडून देतो! आम्ही मालवणचे. गरवून आणलेला मासा तव्यावर नाहीतर कालवणात जायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. विचारलं तर नुसता हसतो. मासा रबर खातो कसा? सोडलेला जगतो का? आणि यात मजा ती कसली? पुढच्या खेपेला मीही त्याच्याबरोबर जाणार आहे. काय तयारी करू?
– एक आई, मालवण

उत्तर : ताई, आधी मासा कोणता ते सांगतो. तुमच्या मुलाच्या गळाला लागतो तो लार्जमाउथ बास. अंगावर हिरवट झाक, कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला तुटक काळा पट्टा आणि जबडा असा, की तोंड मिटलं तरी वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलेलं दिसतं. मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा, गोड्या पाण्यातला. आपल्या हॉटेलांत ‘एशियन सी बास’ म्हणून ताटात येतं ते जिताडं. त्याचं कूळ वेगळं. स्वभाव मात्र जुळतो. जिताड्यासारखा किंवा नदीतल्या मरळीसारखा हाही आडोशाला दबा धरून बसतो. बुडालेलं झाड, बोटीच्या धक्क्याखालची सावली, पाणवेलींची कड, अशी जागा धरायची आणि समोरून काही गेलं की झेप घ्यायची.

आता तुमचं रबर. ते असतं मऊ प्लास्टिक. १९४९ साली ओहायो राज्यातल्या ॲक्रनला निक क्रीम नावाच्या माणसाने साच्यात ओतून ही प्लास्टिकची गांडुळं बनवायला घेतली. तोवर बहुतेक कृत्रिम आमिषं असायची लाकडाची नाहीतर धातूची. हाताला खऱ्या गांडुळासारखं लागणारं आमिष आलं आणि बासच्या मासेमारीची तऱ्हाच पालटली.

मासा ते खातो का? माशाला हात नाहीत. समोरची वस्तू काय आहे हे चाचपायचं तर ती तोंडातच घ्यावी लागते. बास तोंड एकदम उघडतो, त्यासरशी पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. पसंत पडलं नाही तर तितक्याच झटक्यात थुंकून टाकतो. घेणं आणि थुंकणं यांच्या मधे जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यावर हा सगळा खेळ चालतो. आणि दर वेळी कारण भूकच असते असंही नाही. वसंतात पाणी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअसवर आलं की नर उथळात शेपटीने तळ झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण पुढे एकट्या नराची. त्या दिवसांत घरट्याजवळ आलेली कुठलीही वस्तू तो तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. तुमच्या मुलाचं प्लास्टिकचं गांडूळही त्यातच जमा. याला खाणं म्हणायचं की घर झाडणं, तुम्हीच ठरवा.

पुढच्या वेळी तो गळ कसा बांधतो ते जवळ बसून बघा. याला टेक्सास रिग म्हणतात. लाइनमध्ये आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, सात ग्रॅमच्या आसपासचं वजन ओवतात, टोक पुढे करून. मग गळ बांधतात. हा गळ साधा नसतो. नेढ्याजवळ त्याला काटकोनात एक बाक दिलेला असतो. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर आत सरळ खुपसायचं आणि बाजूने बाहेर काढायचं. गांडूळ वर सरकवून त्या बाकावर अडकवायचं, गळ अर्धा फिरवायचा, आणि गांडूळ जिथे आपसूक गळाच्या वळणाशी येतं, बरोबर तिथेच टोक पुन्हा अंगात रुतवायचं. टोक बाहेर दिसता कामा नये. गांडूळ सुतासारखं सरळ लोंबायला हवं. बाक राहिला तर पाण्यात ते गरगरतं, लाइनला पीळ पडतो आणि मासा फिरकतही नाही. एवढा खटाटोप कशासाठी? टोक झाकलेलं असलं की गळ काट्याकुट्यांत, वेलींत अडकत नाही. आणि बास राहतो नेमका काट्याकुट्यांतच.

मजा कसली, या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय. मालवणच्या जेटीवर गरी टाकून बसलेला माणूस मासा येण्याची वाट बघतो. बासवाला वाट बघत नाही, तो मासा कुठे असेल याचा शोध घेतो. ऊन कुठल्या बाजूने आहे, म्हणजे सावली कुठे. वारा कुठल्या काठाकडे वाहतोय, म्हणजे चिंगळ्या मासोळ्या कुठे ढकलल्या गेल्या असतील. काल थंडी पडली, म्हणजे मासा खोलात उतरला असेल का. मग तळहाताएवढ्या जागेवर आमिष टाकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि रॉडचं टोक हळूच उचलून ते दोन वीत पुढे सरकवायचं. बास घेतो तेव्हा झटका वगैरे काही बसत नाही. लाइनवर टिचकी मारल्यासारखं बारीकसं ‘टक्’ जाणवतं, किंवा लाइन आपली आपण एका बाजूला चालू लागते. सैल लाइन गुंडाळून रॉड जोरात वर घ्यायला उशीर झाला, की थुंकलाच. ज्याला ते ‘टक्’ एकदा कळलं तो पुढचा प्रत्येक शनिवार तळ्यावर काढतो. तुमच्या मुलाचं हसणं बहुधा त्यातलंच.

सोडून देण्याची रीत मात्र फार जुनी नाही. पूर्वी अमेरिकेतही मासे दोरीत ओवून मिरवत घरी नेत असत. अलाबामातला रे स्कॉट हा मूळचा विमा विकणारा गृहस्थ. त्याने १९६७ साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बासवाल्यांची संघटना काढली. शेकडो बोटी आणि पोतंभर मेलेले मासे हे दृश्य आपल्याच धंद्याच्या मुळावर येणार हे त्याने ओळखलं, आणि १९७२ पासून मासे जिवंत ठेवून वजनानंतर सोडण्याची मोहीम चालवली. बोटींमध्ये हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या, मेलेल्या माशाला दंड आला. विक्रेत्याची नजर आणि तळ्याचं हित एका रेषेत आल्याचं असं उदाहरण विरळा.

सोडलेला जगतो का? नीट हाताळला तर बहुतेक वेळा जगतो. पाणी थंड असलं, गळ ओठात लागलेला असला आणि मासा चटकन पाण्यात परत गेला, तर चिंता नाही. भर उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा तासभर टाकीत डांबलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. हात ओले करूनच धरायचं, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो थर म्हणजे त्याचं रोगापासूनचं कवच. अंगठा खालच्या ओठात घालून धरता येतं. दात सँडपेपरसारखे, कापत नाहीत. पण चांगला वजनदार मासा नुसत्या जबड्याने आडवा लटकवून फोटो काढू नये, दुसरा हात पोटाखाली हवा. गळ घशात गेला असेल तर ओढाओढ करण्यापेक्षा लाइन कापून टाकणं बरं. हे सगळं तुमच्या मुलाला ठाऊक असेलच; नसेल तर आईच्या तोंडून ऐकू दे.

एक गोष्ट मात्र त्याला नक्की सांगा. इलिनॉयमधल्या रिज लेक नावाच्या तळ्यात १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी दीर्घ प्रयोग केला. पकडलेल्या प्रत्येक बासवर खूण करून सोडायचं आणि कोण वारंवार गळाला लागतो, कोण कधीच लागत नाही याची नोंद ठेवायची. मग दोन्ही गटांची वेगवेगळी पैदास केली. सहज लागणाऱ्यांची पिल्लंही सहज लागणारी निघाली, आणि पिढीगणिक दोन गटांतलं अंतर वाढत गेलं. म्हणजे गळाला लागणं हे निव्वळ नशीब नव्हे, रक्तातही असतं. पुढच्या अभ्यासात असं दिसलं, की सहज लागणारे नर अंडी-पिल्लांची राखणही जास्त नेटाने करतात. घरट्यावरचा नर काही मिनिटांसाठी उचलला तरी ब्लूगिल नावाचे मासे टपून असतात, अंडी फस्त. म्हणून वसंतात उथळ पाण्यात, पांढऱ्या गोल चकतीसारख्या झाडलेल्या तळावर बास हलत नसेल, तर तिथे गळ टाकू नये असं माझं मत. बरेच लोक टाकतात, बऱ्याच ठिकाणी कायदाही आड येत नाही, पण त्यात कसब शून्य.

आता तुमच्या तव्याचं बघू. प्रत्येक मासा सोडलाच पाहिजे असं मुळीच नाही. टेक्सासमध्ये सर्वसाधारण नियम असा : किमान १४ इंच लांब, आणि माणशी दिवसाला पाच. काही तळ्यांचे नियम वेगळे. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. राज्याचा विक्रमी ८.२५ किलोचा बास १९९२ च्या जानेवारीत तिथेच निघाला. तिथे १६ ते २४ इंचांमधला मासा ठेवता येत नाही, त्याहून लहान ठेवता येतो. यामागचं शास्त्र साधं आहे : लहान मासे फार झाले की अन्न पुरत नाही, सगळेच खुरटतात. थोडे लहान काढून खाल्ले तर तळ्याचं भलंच होतं. मोठा मासा वयस्क असतो, बहुधा मादी असते, आणि शिकारी मासा जितका म्हातारा तितका त्याच्या मांसात पारा जास्त साठलेला. तेव्हा मोठा सोडा, लहान खा.

तयारी म्हणाल तर परवाना सगळ्यात आधी. सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाला तो लागतो, पाहुण्यांनाही. एका दिवसाचाही मिळतो. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासे धरायला मात्र परवाना लागत नाही, पाहुण्यांना हा मार्ग सोयीचा. (१ जानेवारी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांना परवाना माफ आहे. तुम्ही त्यात बसत नसाल असं धरून चालतो.) नवं काही विकत घेऊ नका. मुलाकडे दोन तऱ्हेची रील्स असतील. ज्यात चक्री आडवी फिरते आणि अंगठ्याने आवर घालावा लागतो, ते बेटकास्टर तुमच्या हाती देऊ लागला तर नको म्हणा. अंगठा चुकला की लाइनचं असं जंजाळ होतं की सकाळ ते सोडवण्यात जाते. रॉडच्या खाली लोंबणारं साधं स्पिनिंग रील मागून घ्या, साडेसहा-सात फुटी मध्यम रॉडवर. पोलराइज्ड गॉगल हवाच, पाण्यावरची चकाकी मरून आतलं खोड दिसतं. वजनं शिशाऐवजी टंगस्टनची असतील तर उत्तम. त्याच वजनाची गोळी लहान होते, तळाचा दगड आणि चिखल यातला फरक हाताला कळतो. शिवाय शिसं गिळून पाणपक्षी मरतात म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत लहान शिशाच्या गोळ्यांवर बंदीच आहे.

आणि दोन लहान बास घरी आणलेत तर खवले काढत बसू नका. तळ्याचा चिखलट वास कातडीत असतो, ती सोलूनच टाका. मांस पांढरं, सौम्य. तिखटाचा हात जरा आखडता घ्या, आणि रवा लावून तळा.

प्रश्न : सर्वांत मोठ्या बासचा विश्वविक्रम १९३२ पासून अबाधित आहे असं वाचलं. खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अर्धं खरं. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकऱ्याने माँटगोमेरी लेकमधून १०.०९ किलोचा बास काढला. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला ७५ डॉलरचं सामान बक्षीस मिळालं, आणि मासा घरच्यांनी खाल्ला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने १०.१२ किलोचा बास धरला. पण नियम असा, की या वजनाच्या माशात जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम जास्त भरावे लागतात. फरक त्याच्या निम्म्याचाच. त्यामुळे आज दोघांचीही नावं बरोबरीने लागतात. कुरिताची तर पॉलिग्राफ चाचणीही झाली होती.

गंमत पुढे आहे. बास जपानचा नाहीच; १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने तो आशी सरोवरात आणून सोडला. कुरिताने आमिष म्हणून लावलेला जिवंत ब्लूगिलही परकाच. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज आकिहितो यांना ते मासे भेट दिले होते, आणि २००७ मध्ये सम्राट म्हणून आकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. या दोन्ही माशांनी बिवातल्या स्थानिक मासोळ्यांचा फडशा पाडला. म्हणून शिगा प्रांतात २००३ पासून नियम आहे : बिवात बास किंवा ब्लूगिल गळाला लागला, तर तो पाण्यात परत सोडायचा नाही.