दिव्याची कड बघ

बाळा, तुमच्या हॉस्पिटलात निर्जंतुक औषधं तयार करायला नवी क्लीनरूम होतेय आणि दिव्यांचं कोटेशन तुझ्या टेबलावर आलंय म्हणालीस. सही करण्याआधी आत्याचं ऐक. माझं अर्धं आयुष्य अशाच खोल्यांत गेलं. ठेकेदार तुला वॅट आणि किंमत दाखवेल. तू दिव्याची कड बघ.

नमुन्याचा एक दिवा मागवून घे, टेबलावर ठेव आणि कडेवरून बोट फिरव. जिथे नख अडकतं तिथे धूळ बसणार, आणि पुसायचं फडकंही तिथेच अडकणार. दिवा छताशी अगदी सपाट बसला पाहिजे. काच आणि चौकट, चौकट आणि छत, दोन्हीकडचे सांधे पक्के बंद हवेत. समोर टफन्ड काचच घे. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण अल्कोहोलने वरचेवर पुसलं की त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं धरतं. केमोच्या खोलीत तर याबाबत डोळ्यांत तेल घालून राहा. तिथे हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे छतात कुठे फट राहिली तर फॉल्स सीलिंगवरची धूळ खोलीत खेचली जाते.

दुसरं, दिवा दुरुस्तीला कुठून उघडतो ते विचार. मी नोकरीला होते त्या एका हॉस्पिटलात भर दुपारी ट्यूबचा चोक गेला. वायरमन शिडी घेऊन आत आला, झाकण उघडलं आणि वर्षानुवर्षांची धूळ, दोन मेलेल्या पाकोळ्यांसकट, थेट कामाच्या टेबलापुढे पडली. खोली बंद केली, छतापासून जमिनीपर्यंत पुन्हा पुसून काढली, जंतू तपासायला प्लेट लावल्या आणि रिपोर्ट येईपर्यंत काम थांबवलं. दिवा साधा होता, पण नवजात बाळांच्या सलाइनसाठी दुसऱ्या हॉस्पिटलाकडे हात पसरावे लागले. म्हणून दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, खोलीबाहेर काढता येतो का, किंवा दिवा छताच्या वरून दुरुस्त होतो का, हे लेखी घे. वर माणूस जाण्याइतकी जागा आहे का, तेही स्वतः चढून बघ.

उजेड मोजायचा तो हाताच्या उंचीवर, हूड, म्हणजे स्वच्छ हवेचा झोत सोडणारं कामाचं टेबल, चालू ठेवून आणि समोर माणूस बसवून. छतावर हेपा फिल्टरला पहिला मान, दिव्यांना उरलेली जागा मिळते. मग रांग नेमकी बसणाऱ्याच्या पाठीमागे येते आणि त्याचीच सावली त्याच्या हातावर पडते. सिरिंजवरची बारीक रेघ वाचायची आहे, म्हणून मी हाताशी १००० लक्स मागायची. स्टीलवरून डोळ्यांत तिरीप येत असेल तर तो उजेड कामाचा नाही.

रंग खरा दिसणं मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. त्याचा आकडा म्हणजे सीआरआय, तो ९० च्या खाली घेऊ नकोस. रंगाइतकाच द्रावातला पुसट साकाही दिसायला हवा. १९९४ साली अमेरिकेच्या एफडीएने शिरेतून द्यायच्या पोषणद्रावाबद्दल इशारा दिला होता. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचा साका धरला होता आणि दोन रुग्ण दगावले होते. हा साका म्हणजे पाण्यात पिठाचं बोट बुडवावं तसा पुसट धुरकटपणा असतो. एकदा दुधाळ लिपिड मिसळलं की तो दिसतच नाही. म्हणून लिपिड घालण्याआधी पिशवी हलकेच उलटी कर आणि आधी काळ्या, मग पांढऱ्या पाठीवर पाच-पाच सेकंद धर. तपासणीच्या त्या एका जागेसाठी फार्माकोपिया २००० ते ३७५० लक्स मागतात, तिथे वेगळा दिवा लाव. उजेडाने खराब होणारी औषधं असली म्हणून सगळी खोली अंधारी करू नकोस. बाटलीला आणि नळीला अंबर आवरण घाल.

हूडमधल्या निळ्या यूव्ही दिव्यावर भिस्त ठेवू नकोस. जिथे त्याचा किरण पोचत नाही तिथे तो काहीच करत नाही. फडकं मारावंच लागतं.

आणि हूडवरचा एक दिवा यूपीएसवर घ्यायला सांग. लाइट गेल्यावर जनरेटर लागेपर्यंतचे ते सेकंद हातात उघडी सुई धरून मी अंधारात काढले आहेत. तुझ्या हाताखालच्या मुलींवर ती वेळ येऊ देऊ नकोस.