पोहण्याच्या तलावातील फिटिंगभोवतीचा गिलावा

पानशेत-वेल्ह्याच्या बाजूला फार्महाऊस आणि रिसॉर्ट पुष्कळ झाले आहेत. त्यांतील अनेकांत पोहण्याचा तलाव असतो. काही वर्षांनी नळाच्या तोंडाभोवती, तळाच्या जाळीपाशी किंवा दिव्याच्या खोबणीभोवती गिलावा निखळतो. एवढ्याशा कामासाठी मोठा ठेकेदार येत नाही, मग मालक जवळपासचा गवंडी शोधतो.

आम्ही कापडाचे व्यापारी, हा आमच्या दुकानातला विषय नव्हे. पण ओळखीच्या एका गवंडी भावाने अशा ठिकाणी वरून नुसते सिमेंट लिंपून दिले. चार महिन्यांत ते निघाले. मालकाने उरलेले पैसे अडवले आणि दुसऱ्यांदा काम पदरमोड करून द्यावे लागले. त्याच्या हातात हुनर होते, माहिती नव्हती. म्हणून जाणकारांना विचारून हे लिहीत आहोत.

पाणी जिथे भिंतीतून आरपार जाते, तिथेच भिंत दुबळी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, तेव्हाही पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. तलावातील प्लास्टिकचा नळ गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला नीट धरत नाही. शिवाय उन्हाने प्लास्टिक सिमेंटपेक्षा कितीतरी अधिक फुगते. त्यातून केसाएवढी फट पडते आणि पाणी आत शिरते.

आधी पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे व फटीजवळ थोडी रंगीत शाई सोडावी. शाई आत ओढली गेली तर गळती तिथेच आहे. मग पंप व दिव्याचा मुख्य स्विच बंद करून, पाणी फिटिंगच्या खाली येईल इतकेच काढावे. पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नये. वेल्ह्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जमिनीतील पाण्याच्या दाबाने रिकामा तलाव तडकतो, प्रसंगी वर उचलला जातो.

आता हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेवढ्या भागावर खूण करावी आणि छिन्नीने पक्का गिलावा लागेपर्यंत काढावे. रफूगर जीर्ण धागा सोडून मजबूत कापडातून टाका घेतो, तसेच हे आहे. भावाची चूक इथेच झाली होती. कडा सरळ खोल काटाव्यात, उतरत्या ठेवू नयेत. नळाला धक्का न लावता भोवती सुमारे एक इंच खाच करावी, नळ पॉलिश पेपरने खरबरीत करावा आणि सर्व धूळ धुवावी. जागा ओलसर हवी, पण पाणी साचलेले नको.

साधे सिमेंट वाळताना आकसते, कोरे कापड पहिल्या धुण्यात आकसते तसे. म्हणून खाचेत ‘वॉटर प्लग’ नावाने मिळणारे झटपट घट्ट होणारे सिमेंट दाबून भरावे. ते काही मिनिटांतच धरते, तेव्हा मूठभरच कालवावे. घट्ट होऊ लागलेला माल पुन्हा पाणी घालून वापरू नये. वर सुमारे अर्धा इंच जागा सोडून पांढरे सिमेंट व संगमरवरी भुकटीचा थर द्यावा. काम सकाळी सावलीत करावे आणि पाणी भरेपर्यंत ओले गोणपाट लावून ठेवावे.

नव्या थराचा रंग जुन्याशी जुळत नाही. हे मालकाला काम धरण्यापूर्वीच सांगावे, आणि दर ठरवताना चिठ्ठीवर लिहून घ्यावे.