श्वासाचे वाद्य

भजनाच्या बैठकीत वाजणारी पेटी सर्वांच्या परिचयाची आहे. वादक एका हाताने भाता हलवितो आणि दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर फिरवितो. या पेटीचे एक धाकटे भावंड आहे. त्याला भाता नाही; वाजविणाऱ्याची छाती हाच त्याचा भाता. त्या वाद्याचे नाव मेलोडिका.

मेलोडिका हातभर लांबीची असते. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रांग असते. बहुधा ३२ किंवा ३७ पट्ट्या. एका टोकास फुंकण्याची तोटी असते. आत प्रत्येक पट्टीसाठी धातूची एक पातळ पत्ती बसविलेली असते. पत्तीचे एक टोक पक्के, तर दुसरे मोकळे. पट्टी दाबली की हवेची वाट उघडते, फुंकरीने पत्ती थरथरू लागते आणि स्वर उमटतो. लांब पत्ती सावकाश कंप पावते, म्हणून तिचा स्वर खालचा. आखूड पत्ती जलद कंप पावते, म्हणून तिचा स्वर उंच. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमधील शंग हे बांबूच्या नळ्यांचे प्राचीन वाद्यही अशाच पत्त्यांवर वाजते.

जर्मनीतील ट्रॉसिंगेन येथील होनर ही कंपनी माउथ ऑर्गनसाठी प्रसिद्ध होती. १९५० नंतरच्या दशकात तिने मेलोडिका बाजारात आणली. वाद्य हलके, स्वस्त आणि शिकण्यास सोपे. जपानमधील अनेक प्राथमिक शाळांत मुले याच जातीच्या वाद्यावर स्वरांची ओळख करून घेतात. परंतु मुलांच्या हाती दिसते म्हणून पुष्कळांनी त्याला खेळणेच मानले.

हा समज जमैका बेटावरील एका तरुणाने खोटा ठरविला. त्याचे नाव होरेस स्वाबी. जग त्याला ऑगस्टस पाब्लो म्हणून ओळखते. १९७० नंतरच्या दशकात त्याने मेलोडिकेला साथीच्या जागेवरून उठवून मुख्य गायकाच्या जागी बसविले. 'ईस्ट ऑफ द रिव्हर नाइल' ही त्याची ध्वनिमुद्रिका १९७७ साली निघाली. १९९९ साली तो निवर्तला. पण त्याचे संथ, गंभीर सूर आजही रसिक आवडीने ऐकतात.

पेटी वाजविणारा वाजविता वाजविता गाऊ शकतो. मेलोडिका वाजविणाऱ्यास ते शक्य नाही. त्याचा श्वास वाद्याला दिलेला असतो. जेथे गवई दम घेतो, तेथे त्यालाही थांबावे लागते. फुंकर मृदू केली की स्वर हळुवार होतो, जोराची केली की तो भरदार होतो. वाद्य लहान असले, तरी वादकाने त्यात ओतलेला प्राण लहान नसतो.