आधी जुनं औषध हरू द्या

 खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. 2023मध्ये परवानगी मिळालेली ‘नेक्सकार19’ ही कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आली, तीही माणसाआधी उंदरांत तपासून. औषधाला दाद न देणाऱ्या ल्युकेमियासाठी उंदरांचं मॉडेल साधारण असं उभं करतात.

आधी प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. उंदीर किती, का आणि प्रयोग कधी थांबवायचा, हे अर्जात लिहावं लागतं. रुग्णाच्या पेशींसाठी त्याची लेखी संमती वेगळी.

एनएसजी जातीचे, 6 ते 8 आठवड्यांचे उंदीर घ्या. त्यांना प्रतिकारशक्ती जवळपास नसते, म्हणून मानवी पेशी टिकतात. पण त्यामुळेच पिंजरा, खाणं, पाणी सगळं निर्जंतुक हवं.

आजार उलटलेल्या रुग्णाच्या गोठवलेल्या पेशी 37 अंशांवर झटपट वितळवा, जिवंत किती ते मोजा. मग त्या शेपटीच्या शिरेतून टोचायच्या. उंदराची शेपटी कोमट पाण्यात धरली की शीर फुगते. टोकाकडून सुरुवात करा. सुई शिरेत असेल तर दट्ट्या अलगद सरकतो. अडला किंवा कातडीखाली फुगा आला तर जोर न लावता बुंध्याकडे थोडं सरकून पुन्हा टोचा.

पुढे ठरावीक दिवसांनी थेंबभर रक्त काढून फ्लो सायटोमेट्रीवर मानवी सीडी45 पेशींचं प्रमाण बघा. आजार रुजायला कधी महिनेही लागतात. रुजल्यावर चिठ्ठ्या टाकून गट पाडा: नुसतं द्रावण, रुग्णावर हरलेलं जुनं औषध, नवं औषध.

घाईत जुन्या औषधाचा गट गाळायचा मोह होतो. तो गाळलात तर प्रयोग वाया गेला म्हणून समजा. शिवाय त्याच औषधाने आटोक्यात येणारा ल्युकेमिया दुसऱ्या उंदरांत ठेवून तोच डोस द्या. तिथेही औषध हरलं, तर दोष डोसचा. पेशी चिवट असल्याचं काहीच सिद्ध होत नाही. इमॅटिनिब या औषधाला न जुमानणाऱ्या टी315आय या जनुकीय बदलाचा अभ्यास असेल, तर तो बदल उंदराच्या मज्जेतल्या पेशींतही शाबूत आहे का, हे सीक्वेन्सिंगने तपासा.

वजन 20 टक्के घटलं किंवा मागचे पाय लुळे पडले, तर त्या उंदराचा प्रयोग तिथेच संपवा. मज्जा आणि प्लीहा काढून पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवा. कुपीवर कितव्या उंदरातून आल्या तेही लिहा.